बोलकी विषे आणि मुकी विषे

शहरांत अंगणे गेली आणि त्यांच्या जागी सज्जातील कुंड्या आल्या. त्याच सुमारास ओसरीवर राहणारे कुत्रे व चुलीपाशी घुटमळणारे मांजर यांनीही दिवाणखान्यात कायमचे वास्तव्य केले, आणि झाडे व जनावरे यांच्यामध्ये पूर्वी जे नैसर्गिक अंतर असे ते उरलेच नाही. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला चघळावयास गवत सापडते. चौथ्या मजल्यावर बंदिस्त राहणाऱ्या मांजराला कुंडीतील पानावरच ती हौस भागवावी लागते. दात येऊ लागलेल्या कुत्र्याच्या पिलाला तर चप्पल काय नि खोड काय, सारे सारखेच.

या धोक्याची जाणीव आता बऱ्याच घरांत असली, तरी भीतीची वाटणी मात्र उलटी झालेली दिसते. मनी प्लांट विषारी असल्याचे कुणीतरी सांगते आणि तो बिचारा वेल तात्काळ हद्दपार होतो. उलट वाढदिवसाला आलेला लिलीचा गुच्छ मेजावर आठवडाभर निर्वेधपणे विराजमान असतो. मनी प्लांट, डिफेनबॅकिया, सिंगोनियम, पीस लिली ही सारी सूरण कुळातील मंडळी, म्हणजे आपल्या अळूचीच भावंडे. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि पान चावताच ते जिभेत व टाळ्यात रुततात. खाजऱ्या अळूचा प्रसाद ज्याने एकदा घेतला आहे, त्याला याहून अधिक विवरण नको. जनावर लाळ गाळते, पंज्याने तोंड खाजवते, क्वचित ओकते, आणि सामान्यतः दुसरा घास घेत नाही. घशाला सूज येऊन श्वास अडखळू लागला तर गोष्ट निराळी. एरवी हे विष बोलके आहे, आपला गुन्हा ते स्वतःच कबूल करते.

खरे भय मुक्या विषांचे. गुच्छांत मिरवणारी मोठ्या, सुगंधी फुलांची खरी लिली कुत्र्याच्या पोटात गेली तर पोट बिघडण्यापलीकडे बहुधा काही होत नाही; परंतु मांजराच्या मूत्रपिंडाचा ती घात करते, आणि त्यासाठी पान खाण्याचीही आवश्यकता नसते. अंगावर सांडलेले पराग चाटून काढणे किंवा फुलदाणीतील पाणी पिणे एवढे निमित्त पुरते. आरंभी एखाद-दुसरी ओकारी होते, मग मांजर सावरल्यासारखे दिसते, घरची माणसे निश्चिंत होतात, आणि एक ते तीन दिवसांच्या अवधीत मूत्रपिंडे निकामी होतात. मांजर असलेल्या घरात ही फुले उंच फडताळावर ठेवण्याची तडजोड चालत नाही, कारण मांजराला उंची हे आमंत्रणच असते. तेथे बंदीहुकूमच हवा.

सोसायट्यांच्या प्रवेशद्वारी शोभेसाठी लावतात तो सायकस, ज्याला सागो पाम असेही म्हणतात, याच जातीचा. त्याच्या सर्वांगात विष आहे, पण बियांत ते सर्वाधिक, आणि एक-दोन बियाही कुत्र्याच्या यकृताचा नाश करण्यास पुरेशा ठरू शकतात. कण्हेरीचे विष हृदयाच्या गतीवर आघात करते. झाड अंगणात असले तरी पूजेच्या निर्माल्याची पिशवी सज्जात असते, हे विसरू नये. आणि झाड निरुपद्रवी असले म्हणून कुंडी निरुपद्रवी असतेच असे नाही: खत म्हणून मातीत मिसळलेली एरंडीची पेंड कुत्र्यांना फार रुचते, आणि तिच्यातील विष नीट नष्ट केलेले नसल्यास ती प्राणघातक ठरते.

म्हणून झाड घरात दाखल करण्यापूर्वी त्याच्या नावाची खातरजमा करावी. रोपवाटिकेतील इसम नुसते ‘शोभेचे आहे’ म्हणाला तर ते रोप तेथेच राहू द्यावे. हिरवाईची हौस अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न यांवर निर्धास्तपणे भागवता येते. मांजरासाठी एका पसरट कुंडीत गहू पेरावेत. नवरात्रात घटाभोवती उगवतात तसे कोवळे अंकुर मिळाले की इतर पानांवरची त्याची नजर पुष्कळशी ढळते.

एवढा बंदोबस्त करूनही जनावराने काही खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपद्व्याप करू नये. त्या मिठानेच स्वतंत्र विषबाधा होऊ शकते. तोंडातील अवशेष काढावेत, चावलेली फांदी पिशवीत घालून सोबत घ्यावी, आणि काय, किती व केव्हा खाल्ले याचा तपशील पशुवैद्यांपुढे मांडावा. लिलीचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट पाहू नये: पहिल्या काही तासांत शिरेतून द्रव देण्यास आरंभ झाला तर मूत्रपिंडे वाचण्याची आशा चांगली असते, आणि मांजर खेळते-बागडते दिसले तरी पुढचे दोन-तीन दिवस त्याच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी लागते.