पाण्याखालचा छोटा मदतनीस

कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी दर्यावर असते. कुणाचे अब्बा जहाजावर खलाशी, कुणाचा मामू आखातात तेलाच्या कामावर. फोन आला की अम्मीच्या जिवात जीव येतो, नाही आला की तिची दुआ लांबते. म्हणूनच समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या यंत्राची ही हकीकत आपल्या घरांत वाचली जावी असे वाटते.

२९ ऑगस्ट १९७३. आयर्लंडच्या कॉर्क बंदरापासून सुमारे २४० किलोमीटरवर 'पायसिस-३' नावाची छोटी पाणबुडी समुद्रतळावर टेलिफोनची केबल टाकण्याच्या कामावर होती. आत दोनच माणसे, रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन. काम आटोपून पाणबुडी वर आली. पण जहाजाकडे ओढून घेताना दोर अडकला आणि तिच्या मागच्या कप्प्याचे झाकण निखळले. तो कप्पा पाण्याने भरला आणि पाणबुडी सुमारे ४८० मीटर खोल जाऊन तळावर आदळली.

एवढ्या खोलीवर पाणबुड्याला पाठवून त्यांना सोडवणे शक्य नव्हते. दोघे अंधारात पडून राहिले. प्राणवायू वाचावा म्हणून हालचाल कमी, बोलणेही कमी. वरून त्यांच्या जोडीच्या पाणबुड्या खाली उतरल्या, पण पहिले प्रयत्न फसले. तेव्हा कॅलिफोर्नियाहून अमेरिकी नौदलाचे एक यंत्र विमानाने आणले गेले. त्याचे नाव 'कर्व-३'. त्यात माणूस नव्हता. जहाजावर बसलेली माणसे केबलमधून ते चालवत होती.

१ सप्टेंबरच्या सकाळी 'पायसिस-२' या पाणबुडीने एक दोर अडकवला आणि 'कर्व-३'ने दुसरा. दुपारी पाणबुडी वर आली. दोघे ७६ तास अडकले होते. बारा मिनिटे पुरेल इतकाच प्राणवायू उरला होता, असे चॅपमन यांनी नंतर सांगितले.

या सुटकेत एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. 'पायसिस-२'मध्येही माणसे होती. तिला काही झाले असते, तर आणखी काही घरांवर आकाश कोसळले असते. 'कर्व-३' बुडाले असते, तर नुकसान फक्त पैशांचे झाले असते.

त्या काळी असे यंत्र पाण्यात सोडायला मोठे जहाज आणि क्रेन लागे. आज सुटकेसच्या आकाराची यंत्रे मिळतात. एक-दोन माणसे होडीतून किंवा जेट्टीवरून ती सोडू शकतात. पुढे कॅमेरा आणि दिवे, भोवती छोटे पंखे आणि मागे लांब केबल. पाण्यातून रेडिओच्या लहरी फार दूर जात नाहीत, म्हणून चित्र वर आणायला आणि हुकूम खाली पोचवायला केबलच लागते. चालवणारा वर पडद्यासमोर बसतो. जहाजाचा तळ तपासणे, पंख्यात अडकलेले जाळे पाहणे, पुलाचे खांब आणि धरणाचे दरवाजे न्याहाळणे, बुडालेली होडी नेमकी कशी पडली आहे ते पाहणे, ही त्याची रोजची कामे. काहींना पकडही बसवता येते. मग दोराचे टोक बुडालेल्या वस्तूला अडकवण्याचे कामही होते.

जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीत २०१७ साली असेच एक यंत्र सोडले गेले. केवळ १३ सेंटिमीटर जाडीचे आणि ३० सेंटिमीटर लांबीचे. अरुंद नळीतून ते तिसऱ्या भट्टीच्या पाण्यात उतरले आणि वितळून गोठलेल्या इंधनासारख्या ढिगाऱ्याची चित्रे त्याने वर पाठवली. किरणोत्सारामुळे तिथे माणूस पाऊलही टाकू शकत नव्हता.

पाणबुड्याचे काम एवढे धोक्याचे का, तेही समजून घेऊ. दर दहा मीटर खोलीला अंगावरचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. त्या दाबात श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईने वर आले, की सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, अंग लुळे पडू शकते, जीवही जाऊ शकतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात पाण्याखालच्या नळांची आणि खांबांची निगा राखणे म्हणूनच जोखमीचे काम आहे.

मग पाणबुड्याची गरज संपली का? नाही. जोराच्या प्रवाहात छोटे यंत्र वाहून जाते. त्याची केबल जाळ्यात गुंतते. खाडीच्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, तिथे आवाजाच्या लहरींवर चालणारे सोनार लावावे लागते. आणि चिखलात हात घालून, चाचपून वस्तू ओळखणे माणसालाच जमते.

म्हणून शहाणपणाची रीत एकच. आधी यंत्र, मग माणूस. खाली काय आहे, किती खोल आहे, कुठे जाळे आणि कुठे तुटका पत्रा आहे, हे यंत्राने दाखवावे. मग माणूस उतरायचा की नाही ते ठरवावे. आपल्याकडे बुडालेल्याला शोधायला गावातला पट्टीचा पोहणारा अजूनही अंदाजानेच उडी घेतो. त्याची हिंमत मोठी आहे, पण त्याच्याही घरी वाट पाहणारे असतात.

आता अशी यंत्रे आपल्या देशातही बनतात. कोचीची 'आयरोव्ह' ही कंपनी ती तयार करते. डिप्लोमा किंवा आयटीआय करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी या कामाकडे जरूर पाहावे. मोटर, वायरिंग, कॅमेरा यांची जाण आणि शांत डोके इथे उपयोगी पडते.

आणि घरातले कुणी पाण्याखालच्या कामाला जात असेल, तर निघताना एवढे जरूर विचारा, "तुमच्या आधी खाली यंत्र सोडतात ना?" हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. ज्या जागी यंत्र जाऊन पाहू शकते, तिथे माणसाला आंधळेपणाने पाठवण्याचा हक्क कुणालाच नाही.