परसातले हिरवे मैदान

मुरबाडच्या एका फार्महाऊसमागे प्लास्टिकच्या गवताचे मैदान पाहून आल्यापासून आमच्या धाकट्याने घर डोक्यावर घेतले आहे. ‘आपल्या परसातही करू!’ मी पडलो कारकून, आधी टेप काढली. किशोर गटाच्या कबड्डीलाच 11 बाय 8 मीटर जागा लागते, म्हणजे साडेनऊशे चौरस फूट. आमचे राहते घरही एवढे नाही.

शिवाय खरा खर्च गवताखाली असतो. माती खणायची, मुरूम-खडी दाबून भरायची, उतार द्यायचा. नाहीतर शहापूरच्या पावसात पहिल्याच आषाढात डबके. मग पट्ट्या चिकटवून पात्यांत बारीक वाळू पसरायची. एवढे करूनही मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठरत नाही आणि कबड्डीत पडले तर कातडी सोलते.

तरी पोराची हौस मी हसण्यावारी नेत नाही. 1975 साली हॉकीचा विश्वचषक जिंकलेला भारत पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातवा आला. मैदान बदलले की ज्याच्याकडे ते नाही, तो मागे पडतो. हॉकीच्या त्या मैदानाला पाणीही मारावे लागते. इथे भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आपले पाडे टँकरची वाट पाहतात.

कबड्डीही आता मॅटवर गेली. मॅट कुठून आणायची ते पुढे पाहू. तूर्त दोन्ही शेजाऱ्यांशी बोललो आहे. भातकापणी झाली की मधली कुंपणे काढून तिघांच्या परसात मिळून मातीचे मैदान करायचे. फक्की धाकटा मारणार आहे.