काचेआडचं ऊन

थंडीच्या दिवसांत शहरातल्या कुठल्याही सोसायटीकडे दुपारी मान वर करून पाहा. बंद केलेल्या बाल्कन्यांमध्ये, सरकत्या काचांच्या आड, खुर्च्या टाकून ऊन खात बसलेले आजी-आजोबा दिसतील. पाठ शेकते, सांधे मोकळे होतात, डुलकीही छान लागते. ज्यासाठी डॉक्टरांनी उन्हात बसायला सांगितलेलं असतं, ते ‘ड’ जीवनसत्त्व मात्र जवळजवळ मिळतच नाही.

त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला सूर्यप्रकाशातला २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा लागतो. हा अतिनील प्रकाशातला यूव्हीबी. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून केलेली खिडकीची साधी काच नेमका हाच पट्टा शोषून घेते. त्यापुढचा, ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा यूव्हीए मात्र बराचसा आत येतो. आता यूव्हीबी काही साधुसंत नाही. त्वचा भाजण्यात आणि त्वचेच्या कर्करोगात त्याचा हात मोठा आहे. पण काचेआड त्वचा सहसा भाजत नाही, आणि भाजत नाही म्हणून आपण निर्धास्त बसतो. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील प्रकाशात सुमारे ९५ टक्के वाटा यूव्हीएचाच असतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही.

यूव्हीए सावकाश काम करतो. तो त्वचेत यूव्हीबीपेक्षा खोल जातो. तिथे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि त्वचेला ताठ ठेवणारी कोलॅजेन, इलॅस्टिन ही प्रथिनं हळूहळू मोडकळीला येतात. याचा सगळ्यात बोलका पुरावा २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. ६९ वर्षांचा एक अमेरिकन ट्रकचालक. माल पोहोचवण्याच्या गाडीवर त्याची २८ वर्षं गेलेली. छायाचित्रात त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी दिसते. डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली, जाड, खडबडीत झालेली. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि खिडकीही त्याच्या डाव्या हाताला असते. आई-वडील, आहार, सवयी, वय सगळं दोन्ही गालांना सारखंच मिळालं होतं. फरक होता तो उन्हाचा. प्रयोगशाळेत ठरवूनही इतकी नेटकी तुलना जमली नसती.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे धोक्याचा गाल उजवा. एसटीचा चालक तर खिडकी उघडी टाकूनच गाडी हाकतो. त्याच्या वाट्याला यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही येतात.

मोटारीच्या काचांमध्येही भेद आहे. समोरची काच दोन थरांची असते आणि त्या थरांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. अपघातात काचेचे तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून तो घातलेला, पण अतिनील किरण अडवण्याचं काम तो फुकटात करतो. बाजूच्या काचा बहुधा एकेरीच असतात. २०१६ साली २९ मोटारींच्या काचा मोजल्या गेल्या. समोरच्या काचेने सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवला, बाजूच्या काचांनी सरासरी ७१ टक्के. बाजूच्या काचांचा आकडा गाडीगणिक ४४ पासून ९६ टक्क्यांपर्यंत बदलत होता. महागड्या गाडीची काच चांगली असेलच, असाही नेम नव्हता.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. काच जितकी काळी तितकं संरक्षण जास्त, असं अजिबात नाही. समोरच्या काचेतला तो पापुद्रा पाण्यासारखा नितळ असतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा ‘आता उन्हापासून बचाव कसा करायचा’ अशी ओरड झाली. ती उष्णतेबद्दल असेल तर समजण्याजोगी. अतिनील किरण अडवायला काळोख लागत नाही. दृश्य प्रकाश जवळजवळ पूर्ण आत सोडून यूव्हीए अडवणाऱ्या काचा बनवता येतात आणि घराच्या खिडक्यांना लावायच्या पारदर्शक फिल्मही मिळतात. घेताना मात्र ती ४०० नॅनोमीटरपर्यंत अडवते की ३८० वरच थांबते, हे विचारावं.

घरातलं गणित आणखी वेगळं. थेट ऊन येत नाही म्हणजे अतिनील किरण येत नाहीत, असं वाटणं साहजिक आहे. पण तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाश हवेत जास्त विखुरतो. आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. अतिनील किरण निळ्यापेक्षाही जास्त विखुरतात. म्हणून उत्तरेच्या खिडकीतून नुसतं निळं आकाश दिसत असलं, तरी थोडा यूव्हीए आत येतच असतो. बसल्या जागेवरून आकाशाचा तुकडा केवढा दिसतो, हे पाहिलं की अंदाज येतो. टेबल खिडकीपासून चार-पाच फूट आत सरकवलं की तो तुकडा लहान होतो आणि मात्राही झपाट्याने उतरते. घट्ट विणीचा पडदाही उत्तम काम करतो. भिंतींची भीती बाळगायचं कारण नाही: आजच्या पांढऱ्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते दृश्य प्रकाश परावर्तित करतं पण अतिनील गिळून टाकतं. हेच रसायन काही सनस्क्रीनमध्येही असतं.

आणि दिवे? ट्यूबलाइटच्या आत पाऱ्याच्या वाफेतून २५४ नॅनोमीटरचा यूव्हीसी निघतो, नळीच्या आतला पांढरा लेप त्याचं दृश्य प्रकाशात रूपांतर करतो, आणि उरलासुरला काच अडवते. वेटोळ्याच्या सीएफएल दिव्यांबाबत ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण यंत्रणेने २००८ साली सल्ला दिला होता: उघडा सीएफएल अंगापासून ३० सेंटिमीटरच्या आत ठेवून दिवसात तासाभरापेक्षा जास्त वेळ बसू नका. पलीकडच्या खोलीतल्या दिव्याची चिंता नकोच. आता घरोघरी एलईडी आले, त्यात अतिनील जवळपास नसतोच. मोबाइलच्या उजेडाने चेहरा काळवंडतो म्हणून घरात लावायला विकली जाणारी क्रीम मला विज्ञानापेक्षा विक्रीकलेचा नमुना वाटतात.

छपराखालचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग चालू असताना ‘जरा बघू’ म्हणून थांबलेल्याला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी वाहू लागतं. वेल्डिंगच्या ठिणगीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे बुबुळाचा पृष्ठभाग भाजलेला असतो, आणि ते कळतं काही तासांनी. कोविडच्या काळात खपलेल्या निर्जंतुकीकरणाच्या यूव्हीसी कांड्यांचंही तेच. पाण्याच्या फिल्टरमधला यूव्हीसी दिवा बंदिस्त असतो म्हणून निर्धोक. पण घरच्या घरी झाकण उघडून तो पेटवून पाहण्याचा उद्योग करू नये.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलॅनिन भरपूर, त्यामुळे त्वचेचा कर्करोग इथे गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा खूप कमी. आपला त्रास वांगाचा आणि डागांचा. त्यात दृश्य प्रकाशही सामील आहे: काळपट त्वचेवर त्याने उमटलेला डाग यूव्हीएच्या डागापेक्षा गडद होतो आणि जास्त टिकतो, असं २०१० साली डेट्रॉइटच्या त्वचातज्ज्ञांना दिसलं. म्हणून वांग असणाऱ्यांना नुसती नितळ फिल्म पुरत नाही. लोहाचे ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन उपयोगी पडतं. डबीवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल बोलतो. खिडकीशी बसणाऱ्याने त्याशेजारची ‘पीए’पुढची अधिक चिन्हं मोजावीत.

बाकीच्यांसाठी हे सगळं हौसेचं असलं, तरी ल्युपसच्या रुग्णांसाठी नाही. त्यांचा आजार यूव्हीएनेही उसळू शकतो. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या दुर्मीळ जनुकीय विकारात तर अतिनीलने बिघडलेला डीएनए दुरुस्तच होत नाही. ही उणीव जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखवून दिली. अशा मुलांच्या घरी खिडकी न् खिडकी फिल्मने मढवलेली असते आणि नव्या जागी पाऊल टाकण्याआधी पालक हातातल्या मीटरने अतिनील मोजतात.

काही औषधंही त्वचेला तात्पुरतं असंच हळवं करतात. पावसाळ्यात मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन त्यातलंच. तो एखाद-दुसरा डोस, त्यात आभाळ भरलेलं, काळजी नसते. हीच गोळी मुरमांसाठी काही आठवडे घ्यायची असते, तेव्हा गोष्ट वेगळी होते. तिची प्रतिक्रिया मुख्यतः यूव्हीएने उठते. त्यामुळे रुग्ण खिडकीलगत काम करतो का, रोज किती तास गाडी चालवतो, हे डॉक्टरांनी विचारायला हवं. त्यांनी नाही विचारलं तर आपण सांगावं.