आकडी, उंदीर आणि गांजातलं औषध

लेकराला दिवसातून चार वेळा आकडी येते, तेव्हा आईवडील मिळेल त्या आशेला धरतात. ‘गांजाच्या तेलाने फिट्स कायमच्या जातात’ हा निरोप नेमका अशाच घरात पोचतो. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

गैरसमज : गांजा हेच औषध.
वस्तुस्थिती : गांजातली नशा मुख्यतः टीएचसी या घटकाची. आकडीवर उपयोगी ठरलं ते सीबीडी हा दुसरा घटक. त्याने नशा चढत नाही. अमेरिकेने 2018 मध्ये मान्यता दिलेलं एपिडायोलेक्स म्हणजे शुद्ध केलेलं सीबीडी. ती मान्यता तेव्हा ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या लहानपणी सुरू होणाऱ्या दोन चिवट आजारांसाठी होती आणि हे औषध वजनानुसार मोजून देतात. भांगेच्या गोळीत असं माप नसतं.

गैरसमज : उंदरांवरच्या प्रयोगांचा माणसाला काय उपयोग?
वस्तुस्थिती : ब्राझीलच्या संशोधकांनी 1973 च्या सुमारास उंदरांमध्ये सीबीडीने झटके रोखले. 1980 मध्ये तिथेच आठ रुग्णांना ते दिलं, तेव्हा चौघांचे झटके जवळजवळ थांबले. ड्रॅव्हेच्या बहुतेक मुलांमध्ये ‘एससीएन1ए’ हा जनुक बिघडलेला असतो. मेंदूला लगाम घालणाऱ्या पेशी त्यामुळे दुबळ्या पडतात. तोच बिघाड असलेल्या उंदराचं अंग तापवलं की त्याला झटका येतो, अगदी तापात बाळाला येतो तसा. सीबीडी दिल्यावर हे झटके सौम्य झाले.

गैरसमज : उंदरात जमलं, म्हणजे आजार बरा होणार.
वस्तुस्थिती : 2017 मध्ये ड्रॅव्हेच्या 120 मुला-तरुणांवर चाचणी झाली. सीबीडी घेणाऱ्यांत महिन्याच्या मोठ्या झटक्यांचा मध्यक 12.4 वरून 5.9 वर आला; औषध नसलेलं नुसतं द्रव घेणाऱ्यांत 14.9 वरून 14.1 वर. झटके पूर्ण थांबले ते फक्त 5 टक्के मुलांचे. महिन्याला सहा झटके टळणं त्या घरासाठी फार मोठं आहे, पण आजार तिथेच असतो. अल्झायमर किंवा स्वमग्नतेबाबत तर इतका भक्कम पुरावाही नाही.

गैरसमज : वनस्पतीचं आहे, अपाय कसला?
वस्तुस्थिती : गुंगी, जुलाब, भूक मंदावणं हे त्रास होतात. व्हॅल्प्रोएट हे आकडीचं औषध चालू असेल तर यकृतावर ताण येऊ शकतो. क्लोबझाम हे आकडीचं दुसरं औषध चालू असेल तर गुंगी वाढते. म्हणून रक्ततपासणी हवीच.

शेवटचं, हात जोडून : तेलाच्या भरवशावर चालू गोळ्या एकाएकी बंद करू नका. त्याने न थांबणारी आकडी येऊ शकते आणि ती जीवावर बेतते. ऐकलेला प्रत्येक उपाय आधी न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा.