‘बॉम्बे’ रक्तगट व अप्रभावी जनुक
मातापित्यांचा रक्तगट ओ असता अपत्याचा बी असू शकत नाही, असे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेला जो रक्तगट प्रसिद्ध केला, त्याने या विधानास मर्यादा पडली. ए व बी हे प्रतिजन एच या पदार्थावर रचले जातात. एचचे जनुक प्रभावी आहे. त्याचे अप्रभावी रूप दोन्ही जनकांकडून आले, तरच तो पदार्थ बनत नाही आणि बी जनुक असूनही रक्त ओ गटाचे भासते. अशा स्त्रीच्या अपत्यास ओ गटाच्या पित्याकडून प्रभावी एच मिळताच बी प्रकट होतो. (रक्तगटावरून मातेवर संशय घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.) तिच्या रक्तरसात एचविरोधी प्रतिपिंडे असल्याने तिला खऱ्या ओ गटाचे रक्तही घातक ठरते. ओ गटाच्या कोशिकांशी रक्तरस पडताळल्याविना हा भेद उमगत नाही.