अटकेची उघडी नोंदवही

पश्चिम टेक्सासमध्ये, मेक्सिकोच्या सीमेला लागून, ब्रूस्टर नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे सोळा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडे जास्तच. आणि २०२०च्या जनगणनेतली लोकसंख्या जेमतेम साडेनऊ हजार. अल्पाइन हे मुख्य ठिकाण. तिथून बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाकडे निघाले की मैलोन् मैल वस्ती लागत नाही. अशा रस्त्यावर रात्री कुणाला पोलिसांनी गाडीतून उतरवून नेले, तर त्याला कुठे ठेवले, कशासाठी ठेवले, हे एखाद्या त्रयस्थाला कळू शकते का? टेक्सासचा कायदा म्हणतो, कळू शकते. आणि का विचारता हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

या उघडेपणाला इतिहास आहे. १९७१-७२च्या शार्पस्टाउन शेअर घोटाळ्यात राज्याचे बडे राजकारणी अडकले, विधानसभेचा अध्यक्ष दोषी ठरला. त्या संतापातून १९७३ साली सरकारी कागद लोकांसाठी खुले करणारा कायदा झाला. मग पोलिसांचे कागद त्यात येतात का, यावर ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ हे वृत्तपत्र ह्यूस्टन शहराविरुद्ध न्यायालयात गेले. १९७५च्या निकालाने एक रेघ आखली, ती आजही टिकून आहे. अटक झालेल्याचे नाव, वय, अटकेची तारीख व वेळ, अटक करणारा अधिकारी, आरोप, जामीन ही मूलभूत माहिती लोकांची. मात्र एखाद्या माणसाच्या आयुष्यभरातल्या सगळ्या अटका एकत्र करून पोलिसांनी ठेवलेली फाईल लोकांची नाही.

ही रेघ नीट समजली की पुढचे सगळे उलगडते. उघडी आहे ती सरकारने केलेल्या एका कृतीची नोंद. सरकारने एका माणसाचे स्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा त्याचा हिशेब चारचौघांत मांडलाच पाहिजे. तो माणूस कसा आहे, याचा दाखला मात्र या नोंदीत नसतो आणि तो तिथे शोधूही नये.

हा हिशेब का हवा, हे २०१५ साली ह्यूस्टनजवळच्या वॉलर काउंटीत दिसले. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून राज्याच्या पोलिसाने सँड्रा ब्लँड या तरुणीची गाडी अडवली, वाद वाढला आणि तिला अटक झाली. तीन दिवसांनी ती काउंटीच्या तुरुंगात मृतावस्थेत आढळली. कैद्यांना ठरावीक अंतराने प्रत्यक्ष पाहण्याचा नियम तिथे पाळला गेला नसल्याचे राज्याच्या तुरुंग मानक आयोगाने नोंदवले. २०१७ साली तिच्या नावाने कायदा झाला. कोण केव्हा आत आले, कुणी केव्हा पाहिले, या साध्या नोंदींवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट लक्षात येते. पकडणारा पोलीस राज्याचा होता, तुरुंग काउंटीचा. शहर पोलीस, राज्य पोलीस किंवा शेरीफचा माणूस, अटक कुणीही करो, ग्रामीण भागात आरोपी बहुधा काउंटीच्या तुरुंगातच येतो. म्हणून शोधाची सुरुवात काउंटीपासून करायची. घटना कोणत्या गावाजवळ घडली यापेक्षा कोणत्या काउंटीच्या हद्दीत घडली हे महत्त्वाचे. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, आणि शेजारच्या काउंटीत केलेल्या चौकशीला ‘असा कुणी इथे नाही’ हेच खरे उत्तर मिळते. काही छोट्या काउंट्यांना स्वतःचा तुरुंगच नसतो. त्यांचे कैदी करार करून शेजारी ठेवलेले असतात.

पहिला टप्पा तुरुंगाचा. तुरुंग चालवतो शेरीफ. तो चार वर्षांसाठी लोकांनी निवडून दिलेला असतो. आरोपी आत आला की त्याचे नाव, जन्मतारीख, वर्णन, बोटांचे ठसे, फोटो, अंगावरच्या वस्तू आणि आरोप यांची नोंद होते. यालाच बुकिंग म्हणतात. मोठ्या काउंट्यांत आत असलेल्यांची यादी संकेतस्थळावर पाहता येते. लहान ठिकाणी ती असेलच असे नाही, आणि असली तरी सुटलेल्या माणसाचे नाव तिच्यातून निघून जाते. तिथे फोन करावा. जुनी नोंद हवी असेल तर लेखी अर्ज करावा: कोणाची, कोणत्या तारखांमधली, कोणता कागद. साध्या प्रतीला पानामागे दहा सेंट हा प्रचलित दर आहे. एखादा कागद द्यायचा नसेल, तर कार्यालयाला साधारणपणे कामकाजाच्या दहा दिवसांत राज्याच्या महाधिवक्त्याकडे निर्णय मागावा लागतो. मूलभूत माहिती मात्र तपास चालू आहे या सबबीखाली अडवता येत नाही.

दुसरा टप्पा दंडाधिकाऱ्याचा. अटकेनंतर ४८ तासांच्या आत आरोपीला त्याच्यासमोर न्यावे लागते. तिथे आरोप सांगितला जातो, हक्क सांगितले जातात, जामीन ठरतो. ग्रामीण भागात हे काम बहुतेक वेळा ‘जस्टिस ऑफ द पीस’ करतो. तोही निवडून आलेला असतो आणि वकील असावाच अशी अट नसते. अटक वॉरंट काढून झाली असेल, तर एक मोलाचा कागद हाती लागतो. वॉरंट मागताना पोलिसाने शपथेवर दिलेले निवेदन, वॉरंट बजावले गेल्याक्षणी सार्वजनिक होते, आणि दंडाधिकाऱ्याच्या कारकुनाने ते कार्यालयीन वेळेत पाहायला उपलब्ध करून द्यावे लागते. अटकेमागचे कारण सरकारच्याच शब्दांत तिथे वाचता येते.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि लोक तोच गाळतात. अटकेचे पुढे काय झाले? हे शेरीफकडे नसते, न्यायालयाच्या दप्तरात असते. फक्त दंडाची शिक्षा असलेले किरकोळ गुन्हे जस्टिस ऑफ द पीसकडे किंवा नगर न्यायालयात. एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो असे मधले गुन्हे काउंटी क्लार्ककडे. त्याहून गंभीर गुन्हे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. आठ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत ही दोन्ही पदे सहसा एकाच व्यक्तीकडे असतात. आरोपीच्या नावाच्या सूचीवरून खटल्याचा क्रमांक काढायचा आणि मग फाईल मागायची. खटला दाखलच झाला नाही, मागे घेतला गेला, निर्दोष सुटका झाली की शिक्षा झाली, हे तिथे कळते. राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचा शोधही सामान्य माणसाला मुख्यतः दोषसिद्धी दाखवतो, निव्वळ अटका दाखवत नाही.

काही नोंदी शोधून सापडणार नाहीत. सतरा वर्षांखालच्या मुलांच्या नोंदी गोपनीय असतात. निर्दोष सुटलेल्याला किंवा अनेक बाबतींत खटला रद्द झालेल्याला न्यायालयाकडून अटकेची नोंद पुसून घेता येते. सीमेजवळ केंद्रीय यंत्रणांनी पकडलेल्यांचा खटला फेडरल न्यायालयात चालतो आणि त्याचे कागद ‘पेसर’ या वेगळ्या व्यवस्थेत असतात.

शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांचे घरचे असा शोध घेतात, तेव्हा नावाशीच अडतात. वडिलांचे नाव कधी मधले नाव म्हणून लिहिलेले असते, कधी पहिल्या नावाला जोडलेले, आडनावाचे स्पेलिंग ऐकून टाकलेले. म्हणून नावापेक्षा जन्मतारीख आणि अटकेची तारीख यांवर भर द्यावा. तिथे महिना आधी लिहितात हेही ध्यानात ठेवावे. परदेशी नागरिकाला अटक झाली की आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याचा हक्क त्याला व्हिएन्ना करारानुसार असतो. टेक्साससाठी भारताचा वाणिज्य दूतावास ह्यूस्टनला आहे.

उघड्या नोंदीचा गैरवापरही झाला. तुरुंगातले फोटो उचलून छापायचे आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागायचे, असा धंदाच उभा राहिला. टेक्सासने २०१३ साली त्याला कायद्याने वेसण घातली. पण खरी चूक वाचणाऱ्याच्या मनात होते. घर भाड्याने देणारा, नोकरी देणारा, लग्नासाठी चौकशी करणारा अटकेचा कागद पाहतो आणि तिथेच निकाल देऊन मोकळा होतो. सरकारवर नजर ठेवण्यासाठी उघडलेली वही मग माणसावर डाग लावायला वापरली जाते. ज्याने पहिला कागद मागवला, त्याने क्लार्ककडचा शेवटचा कागदही मागवलाच पाहिजे. तेवढे कष्ट नको असतील, तर पहिल्या कागदावरून कुणाविषयी काही ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

आपल्याकडेही हे तत्त्व कायद्यात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ साली दुरुस्ती झाली, आणि अटक केलेल्यांची नावे व अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर फलकावर लावण्याची तरतूद आली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ने ती प्रत्येक पोलीस ठाण्यापर्यंत नेली: त्यासाठी नेमलेला अधिकारी आणि ठळकपणे दिसेल अशी माहिती. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात हा फलक कुठे आहे, अधिकारी कोण आहे, हे कोणत्याही नागरिकाने जाऊन विचारावे. असे विचारणारे चार जण गावात असतील, तर कुणालाही गुपचूप आत ठेवणे अवघड होईल.