शाळेची घंटा आणि रोवणीचे दिवस

मृगाची सर आली की घरोघरी दोन कामे एकदमच निघतात. एक लोणच्याच्या कैऱ्यांचे आणि दुसरे मुलांच्या दप्तरांचे! आपल्या भंडाऱ्याकडे दप्तरांना मात्र थोडी सवड मिळते. विदर्भातले ऊन लक्षात घेऊन इथल्या शाळा जरा उशिरा उघडतात. २०२५ साली उर्वरित महाराष्ट्रात १६ जूनला घंटा झाली, आपल्याकडे २३ जूनला. तेव्हा मैत्रिणींनो, पुण्याच्या नणंदेचा फोन आला म्हणून घाबरून जाऊ नका. तारीख आपल्याच शाळेत विचारा.

हे आधीच करून ठेवा

त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला सहा वर्षे पूर्ण होतात, ते मूल पहिलीत बसते. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते आठवीची पुस्तके मोफत मिळतात, म्हणून बाजारात धावू नका. कव्हरांचा खाकी कागद तेवढा आणून ठेवा. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. २०२४ पासून हे पास शाळेतच देण्याची सोय एस.टी.ने सुरू केली आहे. दुपारच्या जेवणासाठी पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. मूल घरी आले की "आज काय जेवलास?" एवढे विचारायला विसरू नका. मुले खरे सांगतात!

आता थोडे मनातले

शाळा सुरू होऊन महिना होतो न होतो, तोच रोवणी लागते. आपला जिल्हा धानाचा. बांधीत पाणी साचले की काम थांबत नाही, आणि त्या चार पैशांवर कितीतरी घरांचे पुढचे महिने अवलंबून असतात. आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई एक दिवस दारात उभी राहून म्हणते, "बाई, रोवणी लागली. चार रोज पोरगी येईल." आणि आपण काय म्हणतो? "बरं, येऊ दे. पण वेळेवर पाठव हं!"

त्या वेळी शाळेची घंटा झालेली असते. सहावी-सातवीतली ती पोर आपल्या मोरीत बसलेली असते, नाहीतर घरी धाकट्याला कडेवर घेऊन. चार रोजांचे पंधरा होतात. परत जाते तेव्हा अपूर्णांक पुढे गेलेले असतात. मग तिला लाज वाटते, आणि एक दिवस ती जाईनाशीच होते. दोष कुणाचा? आईला मजुरी सोडवत नाही. पण आपल्याला चार दिवस भांडी घासवत नाहीत का?

कायदा आपल्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा वर्ष सुरू झाले म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शाळा सुटलेल्या मुलीलाही तिच्या वयाच्या वर्गात बसवावे लागते, मागे पडलेले शिकवून घ्यावे लागते. त्या आईला हे ठाऊक नसते. तुम्ही सांगा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तुमचे मूल त्या शाळेत असेल तर सभेला नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका. "रोवणीत कोणत्या मुली आल्या नाहीत?" हा एक प्रश्न विचारा. हजेरीपट समोरच असतो. धाकट्या भावंडासाठी जवळ अंगणवाडी आहे का, तेही पाहा.

आणि घरी? यंदा बाई मुलीला पाठवते म्हणाली तर हसून सांगा, "तू रोवणी आटोपून ये, तुझे पैसे कापणार नाही. पोरीला शाळेत जाऊ दे." पंधरा दिवस स्वयंपाकात भांडी कमी काढा; वरणभात एकाच कुकरात होतो. नवऱ्यालाही आपले ताट विसळता येते, बरं का!

रोवणी आटोपली की पोळा येतो. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला ती पोर लाकडी नंदी घेऊन तुमच्या दारी येईल. तिच्या हातावर बोजारा ठेवताना विचारा, "अपूर्णांक आले का गं?" ती "हो" म्हणाली, तर तुमचा पोळा खरा साजरा झाला.